तिच्या उजव्या बाजूला

चिखली, ९ जून २०२५

माया,

तुझा फोन बंद लागतो म्हणून हे पत्र. पत्ता आरोहीनं दिला. तिच्यावर रागावू नकोस. आधी नाहीच म्हणाली, तुला शब्द दिलाय म्हणे. मी म्हटलं, "बाई, मी तिची आई आहे, पोलीस नाही." तेव्हा रडली आणि सांगितलं. कोर्समध्ये तुला एक तरी मैत्रीण नीट मिळाली, एवढं समाधान. नंदुरबारकडच्या त्या दवाखान्यात तू आपल्या वाट्याच्या आणि दुसऱ्यांच्याही ड्युट्या करतेस, जेवण विसरतेस, हेही तिच्याकडूनच कळलं.

घरी सगळं ठीक आहे. बाबा सकाळी फिरायला जातात. उत्पला बरी आहे. तिच्या डोळ्यात सुधारणा आहे. कडेकडेचं थोडं दिसायला लागलंय, बाजूनं कोणी आलं की कळतं तिला. वेळ लागेल म्हणतात डॉक्टर. पोलीस भरतीचं पुढं बघू. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

मार्चमधल्या त्या दिवसाबद्दल आपण दोघी एक शब्द बोललो नाही. तू संभाजीनगरच्या दवाखान्यातूनच निघून गेलीस. बाबा चहा घेऊन आले तर तुझी खुर्ची रिकामी. ज्या गोष्टी तुला माहीत आहेत त्याच लिहिते आहे, पण माझ्या बाजूनं त्या तुला माहीत नाहीत.

खरं म्हणजे त्या दिवसाच्या आधी दिवाळी लिहायला पाहिजे. तू पुण्याहून तो टॅब घेऊन आलीस. एमबीबीएस झाल्यावर हा सौंदर्योपचाराचा पदव्युत्तर कोर्स घेतलास तेव्हा मला वाटलं होतं, मोठे मोठे डॉक्टर शिकवत असतील. तू हसलीस. "आई, आमचा मास्तर हाच. एआय." चेहरा समोर धरला की आतल्या रक्ताच्या नळ्या कुठून जात असतील त्या लाल-निळ्या रेघांनी दाखवतो. सुई कुठं घालायची तिथं ठिपका देतो. बरोबर असेल तर हिरवा, चुकलं तर लाल. शेवटी मार्क. तू सगळ्या तुकडीत पहिली होतीस. शंभरातले शहाण्णव. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मार्क दिले, तरी त्या शहाण्णवानं माझी छाती फुगलीच.

मग तू एकेकाचा चेहरा धरलास. बाबांच्या कपाळावर इतक्या रेघा आल्या की बाबा म्हणाले, "ह्या आठ्या एसटीच्या आहेत वो. स्टेअरिंगमागं बसून भेटल्या. ह्या काढू नको, पेन्शन बंद होईन." किती हसलो आपण. मग उत्पला. तिच्या दोन भुवयांच्या मधे, नाकाच्या मुळाशी, लहानपणी हापश्यावर पडल्याची खोक होती. तिला त्याचं कधी काही नव्हतं. ती ग्राउंडवर पळणारी पोरगी. टॅबनं तिला एकाहत्तर मार्क दिले. आणि खोक बुजवलेला चेहरा दाखवून लिहिलं, त्र्याऐंशी.

उत्पला त्या दुसऱ्या चेहऱ्याकडं बराच वेळ बघत राहिली. तू तेव्हा पुढच्याचा चेहरा धरत होतीस. मी पाहिलं. त्यानंतर ती आरशासमोर थांबायला लागली.

मार्चमध्ये तू सुट्टीवर आलीस. कोर्सचा शेवट आलेला. उत्पलाचं भरतीचं ग्राउंड झालं होतं, लेखी झालं होतं, फक्त मेडिकल राहिलं होतं. ती म्हणाली, "ताई, वर्दीतला फोटो निघन तं खोक नाई दिसली पायजे." तू म्हणालीस, सुईनं औषध भरून खोक वर उचलायची, पाच मिनिटांचं काम आहे.

मी आत भाकरी थापत होते. उत्पला खिडकीपाशी पलंगावर, टॅब उशीला टेकवलेला.

"हिरवं झालं का ताई?"

"झालं. हलू नको."

मग ती अगदी हळू म्हणाली, "ताई, लाईट गेली का?"

भर दुपार होती माया. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून आले. तुझा चेहरा पाहिला आणि मला उत्पलाकडं बघायची गरज राहिली नाही.

बाबांनी शेजारची गाडी काढली. तू मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन भरलेलं औषध विरघळवायच्या सुया देत होतीस, डोळा दाबत होतीस, सोडत होतीस. "आता दिसतं? आता?" धाड गाव मागं पडेपर्यंत तुझा आवाज बसला होता. आणि ती तुझा हात धरून म्हणत होती, "रडू नको वो ताई, दिसन." हे तुला आठवतं का? मला रोज आठवतं. म्हणून लिहिलं.

पत्राचं उत्तर दे. एक ओळ दे.

आई

---

चिखली, २० जुलै २०२५

माया,

उत्तर आलं नाही. आरोही म्हणते पत्र पोचलं, तू उशीखाली ठेवलं आहेस. मग मी लिहीत राहीन.

गेल्या आठवड्यात तुझ्या संस्थेचे लोक आले होते. डॉक्टर अविनाश, कोर्सचे प्रमुख, आणि सोबत एक वकीलबाई. मला वाटलं होतं कोणी पिकल्या केसांचा माणूस असेल. चांगला तरुण आहे. बूट बाहेर काढून आला. उत्पलाची चौकशी केली, आणि मग कागद पुढं केला. "डॉ. महामाया यांनी संस्थेच्या परवानगीशिवाय, स्वतःच्या जबाबदारीवर घरी उपचार केला." खाली उत्पलाची सही पाहिजे होती.

बाबा तुला माहीत आहेत. पाहुण्यासमोर बोलत नाहीत. पण त्या दिवशी बोलले.

"ह्याच्या आंधी किती मानसाले सुई लावली होती पोरीनं?"

"पडद्यावर तिनं चारशेच्या वर केसेस केल्यात," ते म्हणाले. "अतिशय हुशार विद्यार्थिनी."

"पडद्यावरचं नाई इचारलं. जित्या मानसाले."

डॉक्टर अविनाश चहाच्या कपाकडं बघायला लागले. "प्रत्यक्ष... सीनिअरच्या समोर तीन. पण एआयचा शेरा होता ना, स्वतंत्रपणे काम करण्यास सज्ज. तो शेरा आम्ही सगळ्यांना देत नाही."

हे त्यांनी तुझं कौतुक म्हणून सांगितलं, माया. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच कळलं. चेहरा उतरला. वकीलबाई म्हणाल्या, ते यंत्र फक्त शिकण्यासाठी आहे, माणसावर वापरायला नाही. मी विचारलं, "मग माणसाचा चेहरा धरल्यावर हिरवं काऊन होते?" डॉक्टर अविनाश हळूच म्हणाले, "आम्हालाही वाटलं होतं, तेवढं पुरेसं आहे."

मला त्यांचा राग आला नाही. यायला पाहिजे होता.

तेवढ्यात उत्पला आतून आली. डोळ्यावर चष्मा नाही, काही नाही, तशीच. कागद उचलला, वाचला, परत त्यांच्यासमोर ठेवला. म्हणाली, "ती माही बहीण आहे. तिच्यावर रागावाचा हक्क माहा आहे. तो मी तुमाले लिहून देनार नाई."

ते गेले. मला इतकं भरून आलं की मी तिला जवळ घ्यायला गेले. ती मागं सरली. "आई, ताईचं नाव काढू नको. मी त्याहीले हाकललं म्हनून माहं मन बदललं असं समजू नको." मग दार लावून घेतलं. जे झालं तेच लिहिते आहे.

आणि तुझीही चूक होती. आई म्हणून मी ती नाकारणार नाही. संभाजीनगरच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. दोन भुवयांच्या मधे मुरलेल्या डॉक्टरचाही हात अडतो. त्यात जुनी खोक. खोकेखाली नळ्या आखडलेल्या, जागच्या हललेल्या असतात. टॅबनं दाखवल्या त्या दहा जणांच्या चेहऱ्यांवरून काढलेल्या रेघा. उत्पलाच्या चेहऱ्यात काय होतं ते त्याला कुठून कळणार? औषध नळीत गेलं आणि डोळ्याचं रक्त अडलं. तुला हे पुस्तकात नक्की शिकवलं असेल. पण हिरवं झालं होतं, म्हणून तू थांबली नाहीस.

मी हे तुला दुखवायला लिहीत नाही. आरोही सांगत होती, तू मेडिकल कौन्सिलला स्वतःहून लिहून दिलंस की सगळा दोष माझा, आणि टॅबचा उल्लेखसुद्धा केला नाहीस. तसं करू नकोस. तुझ्यामागून त्या कोर्सला दुसऱ्या मुली बसल्या आहेत. त्यांच्याही घरी बहिणी असतील. तुझा दोष असेल तेवढा घे. सगळा घेतलास तर बाकीचे मोकळे सुटतील.

उत्पलाचा डोळा थोडा थोडा सुधारतोय. तू एकदा येऊन जा. दाराबाहेरून गेलीस तरी चालेल.

आई

---

चिखली, १२ ऑक्टोबर २०२५

माया,

काल आरोहीचा फोन आला. तू सप्टेंबरमध्ये चिखलीला येऊन गेलीस.

तू बस स्टँडवरून तिला फोन केलास. म्हणालीस, "मी उत्पलाच्या अभ्यासिकेसमोर उभी होते. ती बाहेर आली. अगदी जवळून गेली, ओढणी लागली मला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मैत्रिणीकडं तोंड फिरवून बोलत निघून गेली. बरोबर केलं तिनं." आणि पुढच्याच गाडीनं परत गेलीस. घर तिथून चालत दहा मिनिटं.

आरोहीनं मला इतके दिवस सांगितलं नाही, कारण तू नको म्हणालीस. आता तू तिचाही फोन घेत नाहीस तेव्हा तिला भीती वाटली आणि बोलली.

माया, नीट वाच. उत्पलानं तुला पाहिलं नाही.

तू तिच्या उजव्या बाजूला उभी होतीस. वैष्णवी, ती अभ्यासिकेतली मैत्रीण, कायम तिच्या डाव्या बाजूनं चालते, कारण उत्पलाला उजवीकडचं काही दिसत नाही. काहीच नाही. उजेडसुद्धा नाही. मी तुला खोटं लिहिलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हा डोळा परत येणार नाही. तू तेव्हा बाहेर गेली होतीस. मला वाटलं आत येशील तेव्हा सांगू, आणि तू आलीच नाहीस. पुढं पत्र लिहायला बसले तेव्हा हात धजला नाही. आरोही म्हणाली होती तू जेवत नाहीस. मी म्हटलं, पोरीला जगू तर दे. म्हणून लिहिलं की बाजूनं कोणी आलं की कळतं. तू डॉक्टर असून त्यावर विश्वास ठेवलास. आईनं लिहिलं होतं म्हणून ठेवलास.

त्या डोळ्याकडं बघून कोणाला समजत नाही. उघडा असतो, ओला असतो, समोर लागलेला असतो. दुकानदार हातातलं सामान त्या बाजूनं पुढं करतात आणि ती घेत नाही म्हणून चिडतात. पहिल्यांदा ती घरातच दाराच्या चौकटींना खांदा आपटायची. चहा ओतताना कपाच्या बाहेर जायचा. आता डोकं वळवून बघायची सवय झाली आहे, पण बोलण्याच्या नादात असली की विसरते. त्या दिवशी ती बोलण्याच्या नादात होती.

भरतीचंही खोटं लिहिलं. पुढं बघण्यासारखं काही नाही. मे महिन्यात मेडिकलला बोलावलं होतं. मी म्हटलं कशाला जातेस, माहीत असून. ती म्हणाली, "त्याहीनं नाई म्हनलं पायजे, मी काऊन म्हनू?" केस घट्ट बांधून, बूट पॉलिश करून गेली. तासाभरात बाहेर आली. बाबा झाडाखाली उभे होते, त्यांना म्हणाली, "चला बाबा, भूक लागली." घरी येऊन बूट कोणाला तरी देऊन टाकले. आता क्लार्कच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिला बसून अभ्यास करायचा किती कंटाळा होता तुला ठाऊक आहे.

हे सगळं आधी लिहिलं असतं तर तू तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली असतीस. किंवा हाक मारली असतीस. तू का हाक मारली नाहीस माया? एक हाक?

नाही, तुला नाही विचारत. मी खोटं लिहिलं नसतं तर तुला कळलं असतं की हाक मारावी लागते.

हे रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे. हातात पडल्या पडल्या निघ.

आई

---

चिखली, २ नोव्हेंबर २०२५

माया,

मागचं पत्र परत आलं. पाकिटावर लिहिलंय, पत्तेदार गाव सोडून गेला. आरोहीनं त्या दवाखान्यात विचारलं. तू राजीनामा दिलास, सामान नेलंस, कुठं ते कोणाला सांगितलं नाही. एकदा तिला अनोळखी नंबरवरून फोन केलास, "शोधू नका" एवढंच बोललीस.

उद्या आरोही इथं येते आहे. तिनंही तो कोर्स शेवटाला आलेला असताना सोडला. हे पत्र आणि परत आलेलं, दोन्ही तिच्याजवळ देणार आहे. कधी ना कधी तू तिलाच फोन करशील, असं आम्हा सगळ्यांना वाटतं.

पत्र परत आलं त्या दिवशी मी उत्पलाला सगळं सांगितलं. ती अभ्यासिकेतून आली होती, पायऱ्यांवर बसून चप्पल काढत होती. मी म्हटलं, "सप्टेंबरात माया आली होती. तुझ्या अभ्यासिकेसमोर उभी होती. तू पाहून निघून गेलीस असं तिला वाटलं."

तिनं विचारलं, "कोन्या बाजूनं होती?"

"उजव्या."

एक चप्पल हातात, एक पायात, तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "तिले तं माहीत असन ना, त्या बाजूनं मले दिसत नाई. तिच्यापेक्षा जास्त कोनाले माहीत?"

मग मला तेही सांगावं लागलं. मी तुला काय काय लिहिलं होतं ते.

माया, मार्चपासून ती रडली नव्हती. दवाखान्यात नाही, मेडिकलहून आली तेव्हा नाही. त्या दिवशी रडली. माझ्यावर ओरडली. "काऊन खोटं लिहिलं तू? तिले वाटलं असन मी पाहून न पाह्यल्यासारखं केलं! मी असं करीन का आई? मी तिले तिथंच धरलं असतं. भर रस्त्यात भांडली असती. लोकं जमा झाले असते. मारलं असतं मी तिले एखांदी. पन जाऊ देलं नसतं!" बाबा बाहेरून आले, त्यांना कळेना काय झालं. ती बाबांच्या छातीला डोकं लावून तेच तेच म्हणत राहिली, जाऊ देलं नसतं, जाऊ देलं नसतं.

मी तिला समजवायला गेले नाही. मला काय तोंड होतं?

दुसऱ्या दिवशी वैष्णवीला घेऊन ती अभ्यासिकेसमोरच्या रसवंतीवाल्याकडं गेली. त्याला विचारलं. त्याला तू आठवत होतीस. म्हणाला, "हाव, एक बाई होती बॅग घेऊन. लय वेळ उभी होती. मंग रडून राह्यली होती तं मी पानी देलं. कोनाले शोधता का म्हनलं, तं नाई म्हने, भेटली." उत्पलानं घरी येऊन हे मला जसंच्या तसं सांगितलं. शेवटचा शब्द सांगताना थांबली.

तेव्हापासून बाबा रोज चिखली डेपोत जातात. जुने ड्रायव्हर-कंडक्टर आहेत, त्यांच्याजवळ तुझा फोटो दिलाय. कोणी जळगाव गाडीला जातं, कोणी शिर्डीला, कोणी पुण्याला. "पोरगी दिसली तं काही बोलू नका, फक्त तिकीट कुठलं काढलं ते सांगा," असं सांगून ठेवलंय. संध्याकाळी बाबा परत येतात आणि आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडं बघतो. ते मान हलवतात आणि हातपाय धुवायला जातात.

कौन्सिलनं उत्पलाला साक्षीला बोलावलं आहे. ती जाणार आहे. काय सांगशील विचारलं, तर म्हणाली, "जे झालं ते. ताईनं काय केलं ते, अन् त्या संस्थेनं काय नाई केलं ते." तुझी बाजू घेणार नाही म्हणाली. तुझ्यावर सगळं ढकलूही देणार नाही म्हणाली. तुझी नोंदणी काही काळ थांबवतील असं आरोही सांगते. थांबवू देत. तू डॉक्टर नसलीस तरी या घरात तुझी जागा आहे.

मी आता काही लपवत नाही, म्हणून हेही लिहिते. उत्पलानं तुला माफ केलेलं नाही. मी तिला सरळ विचारलं. म्हणाली, "नाई. सकाळी उठते तं अर्धं जग दिसत नाई आई. रोज उठल्याबरोबर ताई आठवते, अन् चांगली नाई आठवत." मी म्हटलं, मग काय लिहू? तिनं माझ्या हातातला पेन घेतला. खालचं तिनं लिहिलं आहे. मी वाचलं नाही, ती समोर बसून लिहीत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

आई

ताई,

आई म्हनते मनातलं लिही. मले लिहिता नाई येत तुयासारखं.

राग आहे. तो जाईन का नाई, माहीत नाई. तुले खोटं सांगनार नाई, आईनं सांगतलं तेवढं पुरे झालं.

पन त्या दिवशीचं तू मनात घेऊन फिरून राह्यली असशीन, म्हनून हे लिहून राह्यली. मी तोंड नाई फिरवलं. वैष्णवी तिच्या मावशीच्या लग्नाचं सांगून राह्यली होती अन् मी हसून राह्यली होती. माही ओढनी कोनाले तरी लागली तेव्हा मले वाटलं कोनी बाई असन. मी सॉरी पन म्हनलं होतं, तुले ऐकू नाई गेलं का?

मी तुले पाह्यलंच नाई वो ताई. खरंच नाई पाह्यलं.

उत्पला